पांढरं आलं की एक स्टॉप उघड

"पांढरं आलं की एक स्टॉप उघड, काळं आलं की एक स्टॉप मीट." सासवडला आमच्या आळीत फोटोस्टुडिओ चालवणाऱ्या काकांनी मला दिलेला हा पहिला धडा. स्टॉप म्हणजे उजेडाची एक पायरी: एक उघडला की उजेड दुप्पट, एक मिटला की निम्मा. १९८७ साल. मी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते आणि त्यांनी त्यांचा जुना रशियन झेनिट माझ्या गळ्यात अडकवला होता. कॅमेऱ्यातलं मीटर सगळं जग मध्यम करडं आहे असं धरून चालतं, हे त्यांनी मला वारकऱ्यांच्या धोतरावरून समजावलं. पांढरी धोतरं, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या समोर आल्या की मीटरला वाटतं, उजेड फार झाला. ते उजेड कमी करायला सांगतं. आपण ऐकलं तर कॉपीत धोतर मळकं येतं. म्हणून मीटर सांगेल त्याहून एक स्टॉप जास्त.

हा नियम मी अठरा वर्षं पाळला. माऊलींची पालखी पुण्याहून निघून दिवे घाट चढते तो दिवस माझ्यासाठी दिवाळीच्या वरचा. बहुतेक वर्षी एकादशी असते, लोक उपाशीपोटी घाट चढत असतात. रथाला जादा बैलजोड्या लावलेल्या असतात. खाली मस्तानी तलाव, वर ढग आणि मधल्या वळणांवर पांढऱ्या माणसांची लांबच लांब ओळ. माझ्याकडे दोन रोल असायचे. छत्तीस आणि छत्तीस, बहात्तर फोटो. तेही काका १०० फुटी डब्यातून स्वतः कॅसेटमध्ये भरून द्यायचे. एका डब्यात अठराएक रोल व्हायचे आणि विकतच्या रोलपेक्षा ते बरेच स्वस्त पडायचे. बहात्तर फोटोंत सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा घाट बसवायचा. प्रत्येक वेळी कॅमेरा डोळ्याला लावला की मनात प्रश्न यायचा, हा काढायचा का? बहुतेक वेळा उत्तर 'नको' असायचं.

मग रात्री स्टुडिओमागची अंधारखोली. लाल दिवा, हायपोचा तो नाकात जाणारा वास, ट्रेमध्ये हलकेच हलवायचा कागद. कागद उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, इंदू छापाचा. निगेटिव्हवर वारकऱ्यांची धोतरं काळीकुट्ट दिसायची, कारण नियमाप्रमाणे मी एक स्टॉप जास्त दिलेला. पण त्या काळ्यात चुण्या असायच्या. साध्या छपाईत त्या यायच्या नाहीत, धोतर कोरं पांढरं यायचं. काका एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडणाऱ्या यंत्राखाली, दोन्ही हातांची ओंजळ उलटी धरायचे, बोटांमध्ये रुपयाएवढी फट ठेवायचे आणि त्या फटीतून फक्त धोतरावर आणखी आठ-दहा सेकंद उजेड पाडायचे. हात सतत हलता, म्हणजे कड दिसू नये. याला बर्निंग म्हणायचं. चेहरा फार काळा येत असेल तर तारेच्या टोकाला चिकटवलेली पुठ्ठ्याची गोल चकती चेहऱ्यावर फिरवून तिथला उजेड अडवायचा. ते डॉजिंग. डेव्हलपरमध्ये कागद टाकला की मिनिटभरात आधी पताका उमटायची, मग टोपीची कड, आणि सर्वांत शेवटी धोतराच्या चुण्या. त्या चुण्या आल्या की काका "हां" म्हणायचे. एवढंच. त्या एका "हां"साठी मी रात्री अकरापर्यंत तिथे उभी राहायचे.

पुढे नोकरी लागली, पुण्यात बिऱ्हाड झालं, स्वतःचा निकॉन एफएम १० आला. आणि मग हळूहळू कृष्णधवल रोल धुवून देणारी दुकानं कमी होत गेली. २००५ साली मी निकॉन डी ७० घेतला. ६१ लाख पिक्सेल, तेव्हा ते फार वाटायचे. एफएम १०ची ३५-७० लेन्स त्यावर बसत होती, याचा मला आनंद झाला. पण बसवली आणि मीटर मुकं झालं. त्या जुन्या लेन्सशी कॅमेऱ्याला बोलता येत नव्हतं. शिवाय आतला सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, दीडपटीचा फरक. जी लेन्स घाटाचं अख्खं वळण पोटात घ्यायची, तिच्यात आता अर्धंमुर्धं वळण मावायला लागलं. मी जिथे सतरा-अठरा वर्षं उभी राहत आले त्या जागेवरून मला मागे सरकावं लागलं, आणि मागे दरी होती. डिजिटलचा पहिला धक्का मला असा पायांना बसला.

दुसरा त्या रात्री बसला. कार्डात सत्तरएक फोटो मावायचे. ते पुन्हा पुन्हा लॅपटॉपवर रिकामं करून मी चारशे फोटो काढले होते. नियम पाळलेला. पांढरं आलं, एक स्टॉप उघडलं. घरी पडद्यावर एका पाठमोऱ्या म्हाताऱ्या वारकऱ्याचा फोटो मोठा करून पाहिला. खांद्यावरची पताका सुरेख, मानेवरच्या सुरकुत्या सुरेख आणि धोतर नाहीच. धोतराच्या जागी भोक पडल्यासारखं कोरं पांढरं. मी मनात म्हटलं, हरकत नाही, चुण्या आत असतील, बर्न करू. तोवर फोटोशॉपमधलं तेवढं एक मला माहीत झालं होतं. धोतरावर फिरवत गेले. पांढऱ्याचं करडं झालं. अजून फिरवलं, गडद करडं झालं. चुणी एकही आली नाही. आकडे पाहिले: लाल २५५, हिरवा २५५, निळा २५५. जिकडे नेईन तिकडे तेच तीन आकडे.

त्या आठवड्यात ती कॉपी घेऊन मी सासवडला गेले. काकांचा स्टुडिओ तेव्हा जवळजवळ मिटलेला. पुढच्या अर्ध्या भागात त्यांचा मुलगा मोबाइलची रिचार्ज विकायचा. मागे काका पासपोर्ट फोटोपुरते बसलेले असायचे. त्यांनी कॉपी खिडकीपाशी नेली, चष्मा कपाळावर सरकवला, डोळ्यांजवळ धरून पाहिली.

"धोतर कुठंय?" ते म्हणाले.

"काका, तुमचाच नियम पाळला. एक स्टॉप उघडलं."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "यात जास्त उजेड गेला तर काय होतं?" मी सांगितलं, सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक माप. पायलीसारखं. उजेड पडत जातो तसं भरत जातं. एकदा काठोकाठ भरलं की पुढचे दाणे सांडून जातात. किती सांडले याची कुठेच नोंद राहत नाही. निगेटिव्हचं तसं नसतं, तिथे उजेड वाढला तरी थर थोडा थोडा दाट होतच राहतो, लगेच थांबत नाही.

"म्हणजे हे स्लाइडसारखं," काका लगेच म्हणाले. त्यांनी एके काळी कॅलेंडरवाल्यांसाठी देवळांच्या ट्रान्सपरन्सी, म्हणजे थेट सरळ चित्र उमटणाऱ्या फिल्मवरच्या स्लाइड, काढल्या होत्या. "स्लाइडमध्ये उजळ भाग गेला की गेला. मग नियम उलटा धर. पांढरं आधी वाचव. काळ्याचं नंतर बघता येतं."

संगणकाला कधी हात न लावलेल्या माणसाने मला डिजिटल छायाचित्रणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अर्ध्या मिनिटात सांगितली. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत ती होती, मी वाचलीही होती; पण ती कळली त्या खिडकीपाशी. पुढच्या वर्षीपासून मी पांढऱ्याला धरून मोजायला लागले, फोटो काढल्यावर पडद्यावर उघडझाप करणारे जळके भाग पाहायला लागले आणि रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची मोजणी साठवणाऱ्या फाइलमध्ये, काढायला लागले. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. त्या कॅमेऱ्याच्या बारा बिटांच्या मोजणीत ४०९६. काळोखातला चेहरा वर ओढायचा तर मधल्या पायऱ्या असाव्या लागतात, नाहीतर चेहऱ्यावर पट्टे उमटतात.

फोटोशॉप मी शिकले ते हडपसरच्या एका फ्लेक्सच्या दुकानात. तिथला मुलगा माझ्या निम्म्या वयाचा. दिवसा वाढदिवसांचे फ्लेक्स, रात्री लग्नांचे करिझ्मा अल्बम. बँकेतून सुटले की मी त्याच्याशेजारी स्टूल घेऊन बसायचे. "ताई, आधी कंट्रोल-जे. कधीच मूळ फोटोवर काम नाही करायचं." त्याने मला लेअर शिकवले. खालचा फोटो तसाच ठेवायचा, त्यावर काचेसारखा दुसरा, त्यावर तिसरा. जे करायचं ते वरच्या काचेवर. पटलं नाही तर काच काढून टाकायची. अंधारखोलीत वाढलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटतं, ते त्या मुलाला कळणं शक्य नव्हतं. तिथे दहा सेकंद जास्त झाले की कागद गेला, आणि कागदाला पैसे पडायचे.

त्याच्या हाताचा वेग मी थक्क होऊन बघायची. पण त्याच्या कामातली एक गोष्ट मला सहन व्हायची नाही. समोर कोणताही चेहरा आला की तो आधी गुळगुळीत करायचा. नवरीचा ठीक, नवऱ्याचाही ठीक. एकदा मी सरावाला आणलेला वारकरी आजींचा फोटो त्याने उघडला आणि मी पाणी प्यायला उठून परत येईपर्यंत आजींच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. मी चिडून बोलले. तो गोंधळला. "ताई, लोक हेच मागतात." ते खरं होतं, आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. चेहऱ्यावरची धूळ काढायची आणि आठी ठेवायची, यांच्यामधली रेघ कुठे आहे, हे मला तरी कुठे नीट सांगता येत होतं?

रंगांनी मला वर्षभर रडवलं. भगव्या पताका पडद्यावर जरा फिक्या वाटल्या म्हणून रंग वाढवले, तर कापडाच्या घड्या नाहीशा होऊन नुसता नारिंगी डाग उरला. कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा एकूण आलेख अगदी ठीक दिसत होता. पुष्कळ दिवसांनी कळलं की भगव्यात लालचं माप आधीच भरलेलं असतं. हिरवा-निळा रिकामे असल्यामुळे सगळ्यांची सरासरी बेताची दिसते. धोतराचंच दुखणं, फक्त एकाच रंगात. तसंच संध्याकाळच्या समाजआरतीचं. कॅमेरा आपण होऊन दिव्यांचा पिवळेपणा काढून टाकायचा आणि तळावरची संध्याकाळ बँकेतल्या ट्यूबलाइटखाली झाल्यासारखी दिसायची. तो पिवळा मी परत घालते. मी तिथे होते, ती पिवळी होती.

२००६च्या दिवाळीत लॅपटॉप घेऊन काकांकडे गेले. त्यांना माझं काम दाखवायचं होतं. डाव्या बाजूच्या हत्यारांच्या पट्टीवर त्यांची नजर फिरत होती. एका चित्रावर त्यांनी बोट ठेवलं. काडीच्या टोकाला गोल चकती. फ्लेक्सच्या दुकानातला मुलगा त्याला 'लॉलीपॉप' म्हणायचा.

"ही आपली काडी!" काका म्हणाले. "डॉजिंगची."

मी ते हत्यार दाबून धरलं. खालून दुसरं चित्र बाहेर आलं: बोटं वळवून फट ठेवलेला हात. काकांनी पडद्यासमोर आपला हात तसाच धरला. त्याच बोटांत तशीच फट. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते पाहवेना म्हणून मी चहा ठेवायला आत गेले.

नंतर वाचलं की फोटोशॉप लिहिणाऱ्या थॉमस आणि जॉन नोल या भावांच्या वडिलांची घराच्या तळघरात अंधारखोली होती. थॉमस छपाई तिथेच शिकला. १९८७ साली त्याने या प्रोग्रॅमची सुरुवात केली आणि १९९०च्या फेब्रुवारीत तो बाजारात आला. १९८७! म्हणजे मी सासवडला लाल दिव्याखाली काकांचे हात बघत होते त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत एक तरुण वडिलांच्या अंधारखोलीत शिकलेल्या गोष्टी संगणकाच्या भाषेत लिहायला बसला होता. 'अनशार्प मास्क'सुद्धा तिथलाच, निगेटिव्हवर मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह ठेवून कडा उठवायची जुनी युक्ती. हे कळल्यावर माझी फोटोशॉपबद्दलची परकेपणाची भावना गेली ती गेलीच.

मधल्या वर्षांचं फार सांगण्यासारखं नाही. एका वर्षी हार्ड डिस्क बंद पडली आणि २००७ची अख्खी वारी गेली. दुसरी प्रत ठेवलेली नव्हती. तेव्हापासून तीन ठिकाणी ठेवते. बिस्किटाच्या डब्यातल्या निगेटिव्हना बुरशी लागली, ओरखडे पडले, पण त्या आहेत.

काका २०१२ साली गेले. त्यांच्या मुलाने मला बोलावून घेतलं. माळ्यावर निगेटिव्हची खोकी होती, टाकून द्यायला हात धजत नव्हता आणि ठेवायला जागा नव्हती. मी रिक्षा करून सगळी घरी आणली. फ्लॅटबेड स्कॅनर घेतला. स्कॅनरमध्ये इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखून ती आपोआप पुसायची सोय होती. पण ती रंगीत फिल्मवर चालते. कृष्णधवल फिल्ममधली चांदी त्या किरणांनाही अडवते आणि यंत्राला चित्र आणि धूळ यांतला फरक कळत नाही. त्यामुळे एकेक कण हाताने. एका निगेटिव्हला दोन-दोन संध्याकाळी.

तिसऱ्या खोक्यात बटर पेपरच्या पाकिटावर काकांच्या अक्षरात आईचं माहेरचं नाव आणि १९६८ ही तारीख सापडली. क्वार्टर प्लेट, तळहातात मावेल एवढी. आईचा दाखवण्यासाठी काढलेला फोटो. त्याची कॉपी आमच्या घरात कायम भिंतीवर होती: वीस वर्षांची आई, काठाची साडी, केसांत अबोली, चेहरा तुळतुळीत. खऱ्या आईच्या दोन्ही गालांवर देवीचे व्रण आहेत, ती सहा वर्षांची असतानाचे. लहानपणी मी समजत असे की ते लग्नानंतर आले.

२४०० डीपीआयला स्कॅन केलं. जवळजवळ आठ कोटी पिक्सेल झाले, माझ्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या तेरापट. गाल शंभर टक्के मोठा करून पाहिला. त्वचेच्या जागी रेघा होत्या. केसाहून बारीक, स्वल्पविरामासारख्या वळणाच्या, शेकडो रेघा, एकीला दुसरी न भिडणाऱ्या. खालून उजेड घेऊन निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने केलेलं रिटचिंग. निगेटिव्हवर व्रणाची सावली म्हणजे पारदर्शक ठिपका; तो पेन्सिलीने भरला की कॉपीत तिथे उजळ येतं. काका हे करतात हे मला माहीत होतं. ते आईच्या गालावर केलेलं असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

आई मागे उभी होती. "या रेघा कसल्या?"

मी सांगितलं. ती खुर्ची ओढून बसली. चष्मा पुसून पुन्हा लावला. मी वाट पाहत होते की तिला वाईट वाटेल.

"एवढ्या मारायला किती वेळ लागला असेल त्यांना?" ती म्हणाली. "आणि पैसे तर फोटोचेच घेतले होते. वडील बाहेर थांबले होते, मला आठवतंय." मग जरा वेळाने, "याच्या खाली मी आहे का?"

होती. पेन्सिल वरच्या थरावर असते. पेन्सिल धरावी म्हणून निगेटिव्हला आधी लावलेलं द्रावण आणि त्यावरची पेन्सिल टर्पेंटाइनच्या बोळ्याने निघते, खालचं चित्र तसंच राहतं. फोटोशॉपमध्ये मला गाल आणखी गुळगुळीत करता आला असता, पण व्रण परत आणता आले नसते. ते त्या फाइलमध्ये नव्हतेच. ते फक्त त्या काचेसारख्या फिल्मच्या तुकड्यावर होते, काकांच्या रेघांखाली. हे सगळं मी आईला सांगितलं.

"तुझ्या कॉम्प्युटरमध्ये रेघा राहिल्या ना आता?"

"राहिल्या. तीन ठिकाणी."

"मग पूस. माझा तसा एकही फोटो नाही."

मी टर्पेंटाइन आणलं. खोक्यातल्या एका बुरशीने खराब झालेल्या, कोणाच्याच उपयोगाच्या न राहिलेल्या निगेटिव्हवर आधी करून पाहिलं. कापूस दोनदा फिरवला आणि पेन्सिल निघाली. खाली एका अनोळखी माणसाच्या कपाळावरचा जखमेचा व्रण जसाच्या तसा होता. कापसाला शिशाचा राखाडी डाग लागला होता. तो बोळा मला कचऱ्यात टाकवला नाही.

आईची निगेटिव्ह अजून पाकिटात आहे. बाटली स्कॅनरशेजारी आहे. परवा आईने पुन्हा विचारलं, "पुसलंस का गं?"